पाळ आणि सांडवा : रोजच्या ताणतणावांविषयी भाविकांशी हितगुज



आपण प्रवासाचे कष्ट सोसून श्रींच्या दर्शनास येता. कोणी रेल्वेने गोंदिया जंक्शनला उतरून पुढची बस धरतो, कोणी देवरी-सालेकशाच्या जंगलवाटेने येतो, तर कोणी तिरोडा-आमगावकडून दुचाकीवर मुलाबाळांसह येतो. देवस्थानाच्या कार्यालयाच्या खिडकीशी बसून ही ये-जा मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. पावत्या फाडता फाडता माणसांचे चेहरेही वाचता येऊ लागतात. त्या वाचनातून जे उमगले, ते या पुस्तिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवावे, असे मनात आहे.

पूर्वी खिडकीशी आलेल्या भाविकाचा पहिला प्रश्न असे, "आरती केव्हा आहे?" आता बहुधा विचारले जाते, "दर्शनाला किती वेळ लागेल?" परतीची गाडी, दुकानावरून येणारे फोन, मुलीची शिकवणी, बँकेच्या हप्त्याची तारीख, धानाच्या चुकाऱ्याची वाट, हे सारे भाविकाबरोबर रांगेत उभे असते. हात जोडलेले असतात आणि त्या जोडलेल्या हातांतच मोबाईल असतो. हे मी दोष दाखवण्यासाठी लिहीत नाही. माझाही फोन पूजेच्या वेळी वाजलेला आहे. देवळाच्या पायरीपर्यंत आपण आपला ताण घेऊन येतो आणि पुष्कळदा तसाच परत घेऊन जातो, याचे वाईट वाटते म्हणून लिहितो.

एका पावतीची गोष्ट

काही वर्षांपूर्वीचा मार्चअखेर. वर्षाचे हिशेब पूर्ण करून लेखापरीक्षकांकडे द्यायचे होते आणि रोकड वहीचा मेळ तीनशे चाळीस रुपयांनी चुकत होता. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मुलीची बारावीची परीक्षा सुरू. दोन रात्री धड झोप नव्हती. अशा वेळी एक वृद्ध शेतकरी खिडकीशी आले. धोतराच्या सोग्यातून एकावन्न रुपये काढून त्यांनी पुढे ठेवले आणि पावती मागितली. पावती कोणाच्या नावाने हवी, ते सांगताना ते थोडे अडखळले. मी त्यांच्यावर एकदम ओरडलो, "बाहेर बसा. एकावन्न रुपयांसाठी माझा हिशेब थांबवू का?"

ते काही न बोलता बाहेर वडाच्या पारावर जाऊन बसले. दीड-दोन तासांनी हिशेबातली चूक सापडली, तेव्हा मला त्यांची आठवण झाली. बाहेर जाऊन हात जोडले आणि विचारले, "बाबा, नाव सांगा." त्यांनी एका स्त्रीचे नाव सांगितले. ती त्यांची पत्नी. तिला जाऊन त्या दिवशी वर्ष झाले होते.

लाजेने माझी मान खाली गेली. क्षमा मागू लागलो, तर तेच म्हणाले, "सांडवा बुजला त मंग पारीचा का दोस जी, बाबूजी?"

आपल्या झाडीबोलीत तलावाच्या पाळीला 'पार' म्हणतात. सांडवाच बुजला, तर पाळ फुटली यात पाळीचा काय दोष, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी आपल्या गावची हकीकत सांगितली. एका पावसाळ्यात मासे वाहून जाऊ नयेत म्हणून कोणी सांडव्याच्या तोंडाशी बांबू व काटक्यांची आड घातली. त्यात पालापाचोळा अडकला, सांडवा तुंबला. त्याच रात्री मोठा पाऊस झाला, पाणी पाळीवरून वाहू लागले आणि पहाटेपर्यंत तलाव रिकामा झाला. खालच्या बांध्यांतली रोवणी वाळूखाली गेली. मूठभर मासे वाचवायला गेले आणि गावाचा तलाव गमावून बसले.

ताणतणावांवर मी पुढे पुष्कळ वाचले, परंतु त्या पारावर ऐकलेल्या या वाक्याइतके कोणतेच वाक्य मनात रुजले नाही.

आपल्या भूमीचे शहाणपण

आपला हा प्रदेश तलावांचा. चांद्याच्या गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे उत्तेजन मिळे, असे सांगतात. कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी डोंगरउतार आणि ओढ्यांचे मार्ग ओळखून मातीच्या पाळी घातल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि 'माजी मालगुजारी तलाव' या नावाचे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत असे हजारो लहानमोठे तलाव व बोड्या आहेत आणि आपले धान त्यांच्या आधाराने पिकत आले आहे.

या तलावांची रचना पाहावी. पाळ पाणी धरून ठेवते, परंतु मातीची पाळ सगळेच पाणी धरून ठेवू शकत नाही, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. मातीवरून पाणी एकदा वाहू लागले की ते माती कापत जाते, चर खोल होत जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली पाळ एका रात्रीत जाते. म्हणून पाळीच्या एका कडेला, टणक जमीन पाहून, पाळीच्या माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर त्यांनी सांडवा ठेवला. पाणी त्या पातळीला आले की आपोआप वाहू लागते. ते वायाही जात नाही, खालच्या बोडीत, नाल्यात, शेतात जाते. पाऊस येण्याआधीच सांडवा साफ करून ठेवणे हे गावाचे काम असे, कारण पूर आल्यावर सांडवा खोदता येत नाही.

आपले मन असेच आहे. संसार, नोकरी, शेती आणि नातीगोती यांचे पाणी त्यात सतत येत राहते आणि ते आलेही पाहिजे, कारण कोरड्या तलावाचा कोणाला उपयोग नाही. संयमाची पाळ प्रत्येकाजवळ थोडीबहुत असते. परंतु मनाचा सांडवा कोठे आहे आणि तो मोकळा आहे ना, हे आपण क्वचितच पाहतो. आपण पाळच उंच करीत राहतो. "सहन करायचे, बोलायचे नाही" यालाच आपण धैर्य समजतो.

भवभूतीचा राम

हा दृष्टांत आपल्याच मातीत बाराशे वर्षांपूर्वी एका महाकवीने दिलेला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. आठव्या शतकातील संस्कृत नाटककार भवभूती याने आपले कुळ विदर्भातील पद्मपूर येथील असल्याचे लिहून ठेवले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आपल्या आमगावजवळचे पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाच्या तिसऱ्या अंकात प्रभू रामचंद्र सीतात्यागानंतर बारा वर्षांनी पंचवटीच्या परिसरात येतात. बारा वर्षे ते राज्य चालवीत आहेत आणि दुःख आत दाबून ठेवीत आहेत. कवी त्या दुःखाला तोंड बंद केलेल्या पात्रात आतल्या आत भाजल्या जाणाऱ्या औषधाची उपमा देतो. पंचवटीत ओळखीची झाडे आणि ओळखीचे पशुपक्षी दिसताच ते दुःख फुटते आणि राम मोठ्याने शोक करू लागतात. अदृश्य रूपाने जवळच असलेली सीता ते पाहून व्याकूळ होते. त्या वेळी तमसा नदीची देवता तिला समजावते. तिच्या बोलण्याचा भाव असा, की तलाव पुराने भरून दाटला की पाण्याला वाट करून देणे हाच त्यावर उपाय, आणि शोकाने ढवळलेले हृदयही विलापानेच तग धरते.

साक्षात मर्यादापुरुषोत्तमाने अश्रू ढाळावेत, यात कवीला कमीपणा वाटला नाही. ज्याच्या परिसरात अशा तलावांवर शेती चालत आली, त्या गावाच्या कवीला सांडव्याचे महत्त्व सांगावे लागले नसेल. मग "पुरुषाने रडू नये, कर्त्याने बोलू नये" हे आपण कोठून शिकलो, याचा विचार व्हावा.

अर्जुनाचा विषाद

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभही असाच आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात, हातातून गांडीव निसटते, त्वचेचा दाह होतो, मन भ्रमते. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला, सावकाराची चिठ्ठी आलेल्या शेतकऱ्याला, वरिष्ठांनी बोलावलेल्या कर्मचाऱ्याला हेच होते. अर्जुनासारख्या वीराला जे झाले, ते आपल्याला झाले तर आपण दुबळे ठरत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. अर्जुन आपला विषाद बोलू लागतो, तेथपासून तो अध्याय संपेपर्यंत भगवंत एक शब्दही बोलत नाहीत. सर्व उपदेश त्यानंतरचा. आधी त्यांनी त्याला पूर्ण रिकामे होऊ दिले. म्हणूनच त्या अध्यायाला नाव मिळाले 'अर्जुनविषादयोग'. ऐकणारा भेटला की विषादाचाही योग होतो. आपल्या घरात कोणी मन मोकळे करू लागले, की आपण दुसऱ्याच वाक्याला उपदेश सुरू करतो. भगवंतांचे ते मौन आपण शिकावे.

पुढे सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे कठीण. भगवंत ते नाकारत नाहीत. कठीण आहे, हे मान्य करून ते अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. त्याच अध्यायात आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांत प्रमाण राखण्याचा उपदेश आहे. अभ्यास म्हणजे रोजचा सराव. वर्षातून एकदा देवदर्शन हे पुण्यकर्म खरे, परंतु वर्षातून एकदा साफ केलेल्या सांडव्यात चार दिवसांनी पुन्हा पाचोळा जमतो, हे विसरू नये.

शरीर काय सांगते

ताण आला की शरीर संकटाशी झुंजण्याची तयारी करते. अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात मिसळतात, हृदय वेगाने धडधडते, श्वास उथळ व जलद होतो. रानात वाघ समोर आला तर ही तयारी जीव वाचवते. परंतु सध्या दिवसभर मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक निरोपाला शरीर वाघच समजू लागले, तर ते थकणारच. झोप उडते, रक्तदाब वाढतो, पचन बिघडते आणि चिडचीड होते.

यावर आपल्या परंपरेने दिलेले नामजपाचे साधन किती सूक्ष्म आहे, पाहा. इटलीतील ल्युचिआनो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला एक अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डिसेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगमंत्र, दोन्हींच्या जपात श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाली आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयीत हितकारक बदल दिसला. एरवी विश्रांतीत आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. अभ्यास लहान होता, त्यावरून मोठे दावे करू नयेत. परंतु सावकाश केलेला जप श्वासाला लय लावतो आणि दीर्घ निःश्वासाने धडधड मंदावते, हे कोणीही आपल्या घरी दहा मिनिटे बसून अनुभवू शकतो.

सांडवा आणि खिंडार

येथे एक भेद ओळखायला हवा. कित्येक जण म्हणतात, "आम्ही मन मोकळे करतोच." संध्याकाळी दारूच्या दुकानाची वाट धरणे, घरी येऊन पत्नीवर ओरडणे, अभ्यासाला बसलेल्या मुलावर हात उगारणे, हा सांडवा नव्हे. हे पाळीला पडलेले खिंडार आहे. दोन्हींतून पाणी वाहतेच, पण सांडव्याची जागा आपण ठरवलेली असते, खिंडाराची जागा पाणी ठरवते. पाळ तेथेच फुटते जेथे ती सर्वांत कमकुवत असते, आणि संसारात ती कमकुवत जागा बहुधा आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाची असते. माझ्या बाबतीत ती जागा एका वृद्धाच्या एकावन्न रुपयांची झाली.

आणि आपण सांडवा बुजवतो कशासाठी? थोड्याशा माशांसाठीच. 'लोक काय म्हणतील' ही प्रतिष्ठा, 'तेवढ्या वेळात आणखी एक काम उरकेल' हा लोभ, 'माझ्यावाचून चालणार नाही' हा अभिमान, हे ते मासे.

तेव्हा रोज काय करावे? प्रापंचिकाला जमेल तेवढेच सांगतो.

सकाळी उठल्यावर हात मोबाईलकडे जाण्यापूर्वी आपल्या इष्टदेवतेचे नाम दहा मिनिटे, श्वास संथ ठेवून घ्यावे. संख्या मोजण्याची घाई करू नये. जपही लक्ष्यपूर्तीसाठी केला, तर तोही एक ताणच होतो.

दिवसाच्या कामाला लागताना आपल्या हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे करावे. आपला धान उत्पादक शेतकरी हे जाणतो. पऱ्हे टाकणे, बांधी चिखलणे, रोवणी वेळेवर करणे त्याच्या हाती आहे, पाऊस नाही. जे हाती आहे ते जीव ओतून करावे आणि उरलेले श्रींच्या चरणी ठेवावे. गीतेतील कर्मयोगाचा आशय प्रपंचात याहून वेगळा नाही.

संध्याकाळी घरातील सर्वांनी थोडा वेळ एकत्र बसावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) विदर्भातील गावोगावी सामुदायिक प्रार्थनेचा परिपाठ घातला आणि आजही अनेक गावांत तिन्हीसांजेला ती होते. एकट्याने सोसण्याऐवजी सर्वांनी एका सुरात बसणे, यात मनाला मोठा आधार आहे. प्रार्थना झाल्यावर लगेच दूरदर्शन संच सुरू न करता प्रत्येकाने दिवसातली एक जड गोष्ट सांगावी आणि इतरांनी ती मध्येच न तोडता ऐकावी. लहान मुलांचेही ऐकावे. त्यांचा तलाव लहान असतो, लवकर भरतो.

रात्री झोपेचा वेळ पाळावा. उजागरा करून वाचवलेले दोन तास दुसऱ्या दिवशी चार तासांचे नुकसान करतात, हे मी माझ्या रोकड वहीवरून सांगू शकतो.

आणि एक गोष्ट आग्रहाने. पूर एवढा मोठा असतो, की नेहमीचा सांडवा पुरत नाही. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, कशात मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो देवाचा कोप नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे आणि भक्तीत काही कमी पडले असेही नव्हे. तो आजार आहे व त्यावर उपचार आहेत. शासकीय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. कर्जाने आणि नापिकीने खचलेले कर्ते पुरुष मुकाट्याने गेलेले या विदर्भाने पाहिले आहेत. त्यांच्यापैकी कोणी एकाजवळ जरी मन उघडले असते, तर, असे मागे राहिलेली घरे आजही म्हणतात. आपल्या शेजारी कोणी असा गप्प गप्प राहू लागला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसावे. नवस मागाहून फेडता येईल.

दर्शनार्थींना व दात्यांना विनंती

दर्शन झाल्यावर लगेच चपलांकडे धावू नये. सभामंडपात अर्धा तास स्वस्थ बसावे आणि फोन बंद ठेवावा. देवाजवळ मागण्यांची यादी वाचण्यापूर्वी मनातले सगळे सांगावे. राग असेल तर रागही सांगावा. श्रींना ऐकण्याची सवय आहे.

आपल्या दानातून अन्नछत्र चालते, दिवाबत्ती होते, यात्रेकरूंची सोय होते, त्याबद्दल देवस्थान आपले ऋणी आहे. परंतु दान ही मनःशांतीची किंमत नव्हे. अकरा रुपये देणारा आणि अकरा हजार देणारा, दोघांनाही शांती रोजच्या अभ्यासातूनच मिळते. दान देताना मूठ उघडते, तसे मनही थोडे उघडावे, एवढाच त्याचा हेतू. दानालाही सांडव्याचे पाणी म्हणता येईल. आपल्याकडून वाहिलेले खालच्या कोणाच्या तरी बोडीत पोहोचते.

ते वृद्ध गृहस्थ पुढे दोन-तीन वर्षे त्याच तिथीला येत राहिले. पावती मी न विचारता त्यांच्या पत्नीच्या नावाने लिहीत असे. मग आम्ही पारावर बसत असू. कधी ते तिच्याविषयी बोलत, तर कधी मी माझ्या आईविषयी. नंतर ते येईनासे झाले. त्या तिथीला एक पावती मी आजही फाडतो आणि आता तीवर दोन नावे असतात. त्यानंतर हिशेबाची वही मिटवून थोडा वेळ पारावर बसतो. तेवढ्याने त्या दिवशीचे काम अडून राहिल्याचे मला स्मरत नाही.

आपणा सर्वांच्या मनाचे तलाव भरलेले असोत, पाळी भक्कम राहोत आणि सांडवे सदैव मोकळे असोत, ही श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.

— सचिव, देवस्थान कार्यालय